चांगल्या वर्तणुकीचा जामीन

नगर म्हटलं की बाहेरच्या माणसाला किल्ला आठवतो. ऑगस्ट १९४२ नंतर नेहरू, पटेल, आझाद वगैरे मंडळी तिथं डांबलेली होती आणि नेहरूंनी १९४४ मध्ये तिथंच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. मला आज जी गोष्ट सांगायचीय ती किल्ल्यातली नाही, कापडबाजारातली आहे. तिच्यात शेवटी कोणी तुरुंगात जात नाही, म्हणून असेल कदाचित, ती फारशी कोणी सांगत नाही.

(नावाबद्दल आधीच सांगून टाकतो. २०२४ पासून शहराचं आणि जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. १९१६ बद्दल लिहिताना मी अहमदनगर लिहीन. बोलताना आम्ही सगळे पूर्वीपासून नुसतं 'नगर'च म्हणत आलोय. हल्ली ह्या तीन अक्षरांचा एक नवीनच उपयोग झालाय: पूर्ण नाव कोणतंही घ्या, समोरचा लगेच तुमचा पक्ष ठरवून मोकळा होतो. 'नगर' म्हटलं की सुटका!)

ही सुटका शोधण्याची सवय मला आजकाल सगळीकडे दिसते. माझ्या आजोळी पारावर बसून आमदारापासून पंतप्रधानापर्यंत सगळ्यांची बिनपाण्यानं करणारी माणसं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आली की गप्प होतात. गप्प नाही झाली तर एकदम शिवीवरच येतात. मधलं काही नाही. मग अ‍ॅडमिन लिहितो, 'ग्रुपवर राजकीय पोस्ट टाकू नये, वातावरण चांगलं ठेवावं.' इकडे पुण्यात हापिसात तर बोलायलाच नको, पगारवाढीच्या महिन्यात तर नकोच नको. माझ्या पिढीला हे सगळं मोबाईलमुळं झालंय असं वाटतं. मलाही वाटायचं. पण 'वातावरण चांगलं ठेवा' हे वाक्य फार जुनं आहे आणि त्याचा कायद्यातला अवतार वाचला की जरा धक्काच बसतो.

तर १९१६. टिळक मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटून आलेले. त्याआधी दोनदा राजद्रोहाखाली शिक्षा झालेली. १८९७ साली दीड वर्ष, १९०८ साली सहा वर्षं काळं पाणी. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी 'अप्रीती'चा अर्थ सांगताना प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असं ज्यूरीला सांगितलं होतं. विचार करा, सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! (अवांतर: १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी जे दावर वकील म्हणून उभे राहिले, तेच १९०८ मध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीत होते आणि त्यांनीच सहा वर्षं ठोठावली. त्या वेळी टिळकांना जामीन मिळावा म्हणून धडपडलेला एक तरुण बॅरिस्टर होता, त्याचं नाव महंमद अली जीना. ते पुढे येतीलच.)

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग निघाली. मग टिळकांचा दौरा. १ मे ला बेळगावात भाषण, ३१ मे आणि १ जूनला अहमदनगरला दोन भाषणं. ह्यांपैकी पहिलं जुन्या कापडबाजारातलं. 'स्वराज्य माझा जन्मसिद्ध हक्क' ही घोषणा पहिल्यांदा इथंच दिली असं आमचे नगरकर छातीठोकपणे सांगतात. बेळगावकर आणि लखनौवालेही सांगतात. त्या वादात मी पडत नाही.

मला त्या भाषणांतलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. सरकारवर टीका करायची पण राजद्रोहाच्या कलमात अडकायचं नाही, ह्यासाठी टिळकांनी एक युक्ती केली. त्यांनी सरकारचे दोन भाग पाडले, एक अव्यक्त आणि एक व्यक्त. बादशहा आणि ब्रिटिश सत्ता हे अव्यक्त, वेदान्तातल्या ब्रह्मासारखं. त्याच्याशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते रोज डोळ्यांना दिसणाऱ्या, कर वसूल करणाऱ्या व्यक्त सरकारशी, म्हणजे नोकरशाहीशी. हे नोकर बदलून आमची माणसं आणा, एवढंच मागणं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर तोच ठेवा, अ‍ॅडमिनचे हक्क आम्हाला द्या.

आणि नगरमध्ये ते आणखी एक गोष्ट बोलले, जी आज कुणी त्याच बाजारात उभं राहून बोललं तर ग्रुपवर काय होईल याची मला कल्पना करवत नाही. परका कोणाला म्हणायचं? कातडीच्या रंगावरून नाही, धर्मावरूनही नाही, हितसंबंधावरून. ह्या अहमदनगरात राज्य करून गेलेले मुसलमान राजे इथंच राहिले, इथला उद्योग वाढावा असं त्यांना वाटलं, म्हणून मी त्यांना परके म्हणत नाही, असं त्यांनी निजामशाहीच्या राजधानीत उभं राहून सांगितलं. जो ह्या देशातल्या लोकांचं भलं करील तो परका नाही, मग मुसलमान असो की इंग्रज.

सभेत सरकारी लघुलेखक बसलेले होतेच. त्यांनी मराठीत टिपून घेतलं, सरकारात त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि जुलैमध्ये टिळकांना नोटीस आली, ऐन साठीच्या समारंभात. २३ जुलैला पुण्यात त्यांना लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली आणि त्याच सुमाराला हे सरकारी आहेर आलं. ह्या वेळी नोटीस राजद्रोहाच्या खटल्याची नव्हती. ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खाली होती. कलम कशासाठी, तर राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्याकडून 'चांगल्या वर्तणुकीचा' जामीन घेण्यासाठी.

आता ह्या कलमाची गंमत बघा. खटला भरला तर आरोप सिद्ध करावा लागतो, शिक्षा होते, शिक्षा झाली की माणूस हुतात्मा होतो. १९०८ नंतर सरकारला ते पुरतं कळलेलं होतं. इथं तसं काही नाही. 'तुम्ही पुढं नीट वागाल असं लिहून द्या, आणि नाही वागलात तर एवढे पैसे जप्त' इतकंच. शिक्षा नाही म्हणजे ओरडायलाही जागा नाही. ऑगस्टमध्ये पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनं हुकूम दिला: टिळकांनी वीस हजारांचा जातमुचलका द्यावा आणि शिवाय दहा दहा हजारांचे दोन जामीनदार, मुदत एक वर्ष. म्हणजे एकूण चाळीस हजार रुपये, १९१६ चे!

जामीनदार हा ह्यातला खरा खिळा आहे. स्वतःच्या पैशाची पर्वा न करणारी माणसं असतात. पण आपल्या तोंडामुळं दुसऱ्याचे दहा हजार जातील म्हटल्यावर प्रत्येक वाक्याआधी त्या दुसऱ्या माणसाचा चेहरा समोर येणार. सरकारला सेन्सॉर बसवायची गरजच नाही, तो आपोआप डोक्यात बसतो.

नगर जिल्ह्यातल्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटत असेल, कारण ह्याचं गावाकडचं नाव आहे 'चॅप्टर केस'. निवडणूक आली, यात्रा आली, गणपती आले की ठाण्यातून पोरांना चॅप्टरच्या नोटिसा जातात, मग तालुक्याला तहसीलदारासमोर उभं राहून मुचलका लिहून द्यायचा. हा शब्द कुठून आला हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. तो संहितेच्या आठव्या प्रकरणावरून, म्हणजे चॅप्टरवरून आला. शांतता राखण्याचा जामीन, चांगल्या वर्तणुकीचा जामीन, सगळं त्याच प्रकरणात. थोडक्यात, लोकमान्यांवर चॅप्टर केस झाली होती.

टिळक हायकोर्टात गेले. वकील जीना. जीनांचा मुद्दा तोच, भाषणातला: टीका नोकरशाहीवर आहे, कायद्यानं स्थापन झालेल्या सरकारवर नाही. ९ नोव्हेंबर १९१६ ला न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. टिळकांना एक पैशाचा जामीन द्यावा लागला नाही. होमरूल मागणं हा गुन्हा नाही हे त्यामुळं गावोगाव सांगता आलं आणि लीगचं काम मोकळेपणानं सुरू झालं.

बॅचलरसाहेबांच्या निकालातल्या दोन गोष्टींवर मी बरेच दिवस विचार करतोय. पहिली सोपी आणि सुंदर आहे. भाषण अख्खं वाचा, त्याचा एकूण परिणाम काय होतो ते बघा, मधलं एखादं वाक्य उचलून त्याला फाशी देऊ नका. आम्ही लोक रोज लॉग फाईली वाचतो. लाखभर ओळींतून 'एरर' शब्द असलेली एक ओळ शोधायची आणि अख्खा प्रोग्रॅम गंडलाय म्हणायचं, हे शिकाऊ पोरगं करतं. मागच्या-पुढच्या दोनशे ओळी वाचल्या की कळतं, ती एररच नव्हती. आजचा स्क्रीनशॉट म्हणजे त्या सरकारी लघुलेखकाचा नातूच. फरक एवढाच की लघुलेखक निदान पूर्ण भाषण लिहून घेत होता.

दुसरी गोष्ट अवघड आहे. 'व्यक्त-अव्यक्त' ही फोड बॅचलरसाहेबांनी जशीच्या तशी मान्य केली नाही. ते म्हणाले, सरकार माणसांकडूनच चालतं. तुम्ही सबंध नोकरशाहीला झोडपलंत तर तो द्वेष सरकारपर्यंत पोचतो की नाही, हे वस्तुस्थितीवरून ठरेल. आणि ते टाळायचं असेल तर भाषा संयमी हवी. म्हणजे टिळक सुटले ते अंशतः भाषेमुळं. हेच मुद्दे कोणी रांगड्या भाषेत मांडले असते तर?

आणि इथं माझं घोडं अडतं. संयमी भाषा ही काही झाडाला लागत नाही. टिळक १८७९ चे एलएल.बी., कायद्याचे वर्ग चालवलेला माणूस, वर्तमानपत्राचा संपादक. दोन शिक्षा भोगून कायद्याची रेघ नेमकी कुठं आहे हे त्यांना मिलिमीटरमध्ये माहीत होतं. ज्याला ही रेघ दिसतच नाही त्यानं काय करायचं?

ह्याचं उत्तर शोधायला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारापासून जे शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले ते नगर जिल्ह्यातही पसरले, श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत ह्या तालुक्यांत. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक सावकाराच्या घरावर जायचे ते कर्जरोखे मागायला. रोखे हातात आले की जाळायचे, बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर थांबायचे. कारण त्या कागदात काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, कोर्टात त्याच्याविरुद्ध बोलता येत नव्हतं. निवेदन, अर्ज, लेख, व्याख्यान, हे सगळे 'सभ्य' मार्ग लिहिता-वाचता येणाऱ्यांचे. बाकीच्यांकडे काडेपेटी. सरकारनं मग चौकशी केली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदाही केला. काडेपेटीनंतर केला, ही नोंद घ्यावी.

पुढच्या पिढीत ह्याच जिल्ह्यातून एकानं काडेपेटीऐवजी छापखाना निवडला. नेवासे तालुक्यातलं तरवडी. तिथले मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७). महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कृष्णराव भालेकर, ज्यांनी १८७७ मध्ये 'दीनबंधू' काढला, त्यांचा हा मुलगा, तरवडीच्या पाटलांकडे दत्तक गेलेला. १९१० पासून त्यांनी 'दीनमित्र' चालवला. पुण्या-मुंबईतून नाही, खेड्यातून! आज तरवडीला गेलात तर त्यांचं स्मारक आहे. पण मी स्वतः कॉलेज संपेपर्यंत त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि माझं आजोळ तिथून फार लांब नाही. असो.

मुकुंदरावांची भाषा संयमी होती का? अजिबात नाही. १९१३ मध्ये त्यांनी 'कुलकर्णी लीलामृत' लिहिलं. घरोघर वाचल्या जाणाऱ्या पोथीचा घाट, ओव्या, नाव ऐकून म्हाताऱ्या हात जोडतील असं. आत मात्र गावच्या कुलकर्ण्याच्या लीला. आणि एका पुस्तकाचं तर नावच 'ढढ्ढाशास्त्री परान्ने'. परान्न म्हणजे दुसऱ्याच्या घरचं जेवण, टोमणा आडनावातच. आजच्या भाषेत हे सरळसरळ ट्रोलिंग आहे. ज्यांच्यावर लिहिलं ते भडकले असणार यात शंका नाही. एखादा प्रामाणिक, गरीब कुलकर्णीही असेल, त्याला हे वाचून काय वाटलं असेल, हाही प्रश्न मी बाजूला टाकत नाही.

पण कुलकर्णी म्हणजे काय चीज होती तेही बघा. वंशपरंपरेनं गावचं दप्तर त्याच्याकडे. कुणाची जमीन किती, कुणाचा सारा थकला, कुणाच्या नावावर काय चढलं, सगळं त्याच्या लेखणीत. शेतकऱ्याला अक्षर माहीत नाही. अशा माणसाला 'रावसाहेब, आपण नोंद चुकीची केलीत असं माझं नम्र मत आहे' म्हणायला जी हिंमत लागते, ती टिळकांच्या हिंमतीपेक्षा कमी नाही. उलट जास्तच, कारण त्याच्यासाठी हायकोर्टात जीना उभे राहणार नव्हते. पोथीच्या चालीवर कुलकर्ण्याची टर उडवली आणि ती पारावर मोठ्यानं वाचता आली, की एवढ्यानं काय व्हायचं? भीती जरा कमी व्हायची. कुलकर्णी वतन काही ओव्यांनी गेलं नाही (कोल्हापुरात शाहू महाराजांनी ते १९१८ मध्ये बंद केलं), पण ज्याला हसता येतं त्याला माणूस थोडा कमी घाबरतो.

म्हणून मला सरसकट 'भाषा जपून वापरा' हा सल्ला पटत नाही. सल्ला देणारा कोण आणि दप्तर कुणाच्या हातात, ते आधी सांगा.

गोष्ट इथं सरळ राहत नाही. नोव्हेंबर १९१७, अथणीची सभा. सरकारशी बोलताना शब्द तोलून वापरणारे तेच टिळक, कौन्सिलात जागा मागणाऱ्या ब्राह्मणेतरांबद्दल बोलताना म्हणाले की तिथं जाऊन कुणब्यांना काय नांगर धरायचाय, वाण्यांना काय तागडी धरायचीय? ब्राह्मणेतर चळवळीनं हे वाक्य कधी विसरू दिलं नाही. टिळकांची बाजू घेणारे म्हणतात संदर्भ तोडला. एक वर्ष आधी, डिसेंबर १९१६ ला लखनौला, हक्क हिंदूंतल्या अगदी खालच्या वर्गाला दिले तरी माझी हरकत नाही, असंही ते बोलले होते. म्हणजे बॅचलरसाहेबांचा नियम इथंही लावायला हवा, सगळं एकत्र वाचा. मी लावून बघितला. टिळक मोठे राहतात, आणि अथणीचं वाक्यही जिथल्या तिथं राहतं. कलेक्टरशी सभ्यपणे बोलावंच लागतं, तो जामीन मागू शकतो. कुणबी जामीन मागू शकत नव्हता.

एक सांगायचं राहिलं. भीती फक्त कलेक्टरची नसते. पुण्यात आगरकरांनी 'सुधारक' काढला (१८८८), तर कर्मठांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. त्यात कुठलंही कलम नव्हतं. आपल्याच आळीतले लोक होते.

पुढं कायदे बदलत गेले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या लाईक केल्या, दोघींना अटक झाली. पुढं ते प्रकरण बंद झालं आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्या कलमात 'त्रासदायक' असा शब्द होता. त्रासदायक म्हणजे काय, तर ज्याला त्रास होईल तो ठरवणार! राजद्रोहाचं १२४अ कलम मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्थगित ठेवलं आणि १ जुलै २०२४ ला जुनी दंडसंहिताच गेली. तिच्या जागी आलेल्या न्यायसंहितेत राजद्रोह हा शब्द नाही, १५२ कलम आहे, ते वाचून आपापलं मत बनवावं. चॅप्टर मात्र कुठंही गेलेला नाही. जुन्या १०७ चं १२६ झालं, टिळकांना लावलेल्या १०८ चं १२७.

माझ्या एका मामेभावाला २०२४ च्या विधानसभेआधी चॅप्टरची नोटीस आली. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला त्यानं एका उमेदवाराबद्दल काहीतरी ठेवलं होतं. शिवी नव्हती, मी वाचलं होतं. रस्त्याबद्दल होतं, जरा खवचट होतं. कुणीतरी त्याचा फोटो काढून पुढं पाठवला. १२६ लागलं की १२७ हे त्याला माहीत नाही, कागद त्यानं वाचला नाही, दाखवलं तिथं सही केली. जामीनदार म्हणून मामा गेले होते, दिवसभराचं दूध घालायचं राहिलं म्हणून परत येताना एक शब्द बोलले नाहीत. मुचलक्याची मुदत केव्हाच संपली. त्याच्या स्टेटसला अजून रोज सकाळी गुलाबाचं फूल असतं, खाली 'शुभ सकाळ'.